गाडी नवीन, बोर्ड आजोबांच्या काळातला: कोकणातल्या घरात ईव्ही चार्ज करताना

इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तेव्हा शोरूमवाल्याने सांगितलं होतं, मोबाईलसारखी लावायची आणि झोपायचं. मी तसंच केलं. पडवीत एक जुना पाच पिनांचा बोर्ड होता, त्यात चार्जरचा जाडा प्लग बसेना म्हणून बाजारातून तीस-चाळीस रुपयांचा कन्व्हर्टर आणला, खोचला आणि झोपलो. तीनेक आठवड्यांनी एका रात्री आई उठून म्हणाली काहीतरी करपल्याचा वास येतोय, मला वाटलं मांजराने चुलीत काही ढकललं असेल. बघतो तर कन्व्हर्टर बोर्डाला चिकटलेला, प्लास्टिक मऊ पडून खाली ओघळलेलं आणि एक पिन चहासारखी तपकिरी झालेली. स्कूटरला काही झालं नव्हतं. बॅटरी थंड, चार्जरवर हिरवा दिवा.

तेव्हापासून एवढं कळलंय की बॅटरी पेटेल म्हणून आपण घाबरतो, पण घरात आधी पेटतो तो प्लग.

कारण साधं आहे. मिक्सर दोन मिनिटं चालतो, इस्त्री गरम झाली की आपली आपण बंद पडते, पण कारचा घरगुती चार्जर १५ अँपिअरच्या आसपास घेत राहतो आणि तो सात-आठ तास सलग घेतो. एखादी पिन ढिली असेल, खारी हवा लागून तिच्यावर हिरवट थर चढला असेल, तर तिथे जरासा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला अडथळा, तयार होतो, समजा ०.२ ओहम. उष्णता म्हणजे करंट गुणिले करंट गुणिले रेझिस्टन्स, तर १५ गुणिले १५ गुणिले ०.२ म्हणजे ४५ वॅट. सोल्डरिंगची काडी २५ वॅटची असते. म्हणजे तुमच्या बोर्डाच्या आत दोन काड्यांच्या जवळपास उष्णता रात्रभर चालू, आणि तो बोर्ड बसवलाय लाकडी पट्टीवर, वर कौलं आणि वासे.

तर पहिलं काम म्हणजे गाडीसाठी वेगळी लाईन. मीटरपासून किंवा मेन बोर्डापासून थेट, मध्ये कुठे जोड नाही, कारसाठी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, तिला स्वतःचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि शेवटी चांगल्या कंपनीचा १६ अँपिअरचा सॉकेट, शक्यतो झाकणवाल्या बंद डब्यातला. स्कूटरचा चार्जर तीन-चार अँपिअरच घेतो, त्याला अडीच स्क्वेअर एमएमची वायर पुरते, पण सॉकेट घट्टच हवा. वायरमन म्हणेल पंपाच्या लाईनवरून घेऊया, वाडीतला पंप तसाही सकाळीच चालतो, तर नाही म्हणायचं. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको, आणि गुंडाळी करून ठेवलेली वायर त्याहून नको, गुंडाळीत उष्णता कोंडते.

नवीन लाईनवर पहिल्यांदा चार्जिंग लावाल तेव्हा अर्ध्या तासाने उलटा हात प्लगजवळ न्या. कोमट असेल तर चालेल, हात ठेववत नसेल एवढा गरम असेल तर एमसीबी पाडा, थंड होऊ द्या, मगच प्लग काढा. मी अजून महिन्यातून एकदा हे बघतो. पिनांवर काळा डाग दिसला तर सॉकेट बदलायचा, घासूनपुसून वापरायचा नाही. आमच्याकडे काही लोक गंज येऊ नये म्हणून पिनांना खोबरेल लावतात, ते भाकरीवर घ्या, पिनांना नको. लाईन बंद करून कोरड्या फडक्याने पुसलं की पुरे.

लोडचंही बघा. गावातल्या बऱ्याच घरांचा मंजूर भार एक-दोन किलोवॅट असतो आणि कारचा साधा चार्जरच ३.३ किलोवॅटचा. महावितरणकडे लोड वाढवायचा अर्ज करा, घरच्या मीटरवर गाडी चार्ज करता येते. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर हवा असेल तर तो ३२ अँपिअर घेतो, तो साध्या सॉकेटवर लागतच नाही. संध्याकाळी डीपीवर, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड येऊन व्होल्टेज पडतं तेव्हा लावू नका, रात्री अकरानंतर लावा. चार्जरला ८ किंवा १० अँपिअरवर आणायची सोय असेल तर जुन्या घरात तीच वापरा, सकाळपर्यंत काय घाई आहे.

आता अर्थिंग, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी वायर. हे जरा नीट वाचा.

गेल्या वर्षी गणपतीला चुलतभाऊ मुंबईहून इलेक्ट्रिक कार घेऊन आला. खळ्यात गाडी लावली, चार्जर जोडला तर लाल दिवा, चार्जिंग सुरूच होईना. अर्थिंग नाही असं चार्जर सांगत होता. आणि खरंच नव्हतं, बोर्डात तिसरं भोक होतं पण त्यात वायरच गेली नव्हती, चाळीस वर्षं त्या भोकाने आम्हाला फसवलं. वाडीतल्या एका ओळखीच्या वायरमनला बोलावलं, तो आला, सॉकेट उघडला आणि न्यूट्रलपासून (करंट परत नेणारी वायर) अर्थच्या पिनेला वायरचा छोटा तुकडा जोडायला लागला. म्हटलं हे काय? तर म्हणे, "काय एक होवचा नाय, मी धा घरांत असाच केलंय."

चार्जर त्याने फसतो हे खरंय, दिवा हिरवा होतो. पण उद्या वाऱ्याने झावळी पडून खांबावरची न्यूट्रल तुटली तर फेजचा, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरचा, करंट चार्जरमधून फिरून त्याच तुकड्याने गाडीच्या पत्र्यावर येतो, म्हणजे अख्खी गाडी २३० व्होल्टवर आणि बाजूला पोरं फुगडी घालतायत. फेज न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, जे जुन्या घरांत सर्रास असतं, तर झावळी पडायचीही वाट बघायला नको. आणि तो तुकडा असताना गळती झाली तर आरसीसीबीला (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) कळत नाही, कारण गळालेला करंट न्यूट्रलमधूनच परत येतो. त्या दिवशी भावाची गाडी चार्ज झाली नाही, तो तोंड पाडून बसला, दुसऱ्या दिवशी हायवेवरच्या चार्जरवर जाऊन आला. पण तुकडा लावू दिला नाही.

कोकणात खरं अर्थिंग करणं हे वेगळंच प्रकरण आहे कारण खाली जांभा. जांभा पावसात ओला असतो तेव्हा ठीक, पण मार्च-एप्रिलमध्ये खडखडीत सुकतो आणि मग त्यातून करंट जमिनीत जातच नाही. म्हणून पावसाळ्यात केलेलं आणि पावसाळ्यात तपासलेलं अर्थिंग शिमग्याला नापास होतं. जागा निवडताना न्हाणीचं पाणी जिथे केळींना सोडलेलं असतं ती जागा बघा, तिथे बारा महिने ओल असते आणि मातीही असते. खड्डा करून कोळसा मीठ घालायची जुनी पद्धत आहे, चालते, फक्त मिठाने लोखंडी पाईप काही वर्षांत खाल्ला जातो. तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि त्याच्याभोवती तयार अर्थिंगची पावडर, हे थोडं महाग पण टिकतं. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खड्ड्यात दोन बादल्या पाणी. आमच्याकडे हे काम आईने तुळशीबरोबर घेतलंय.

तपासणी अर्थ टेस्टरने करून घ्या, पाच ओहमच्या आत आलं तर उत्तम. नुसत्या मल्टिमीटरवर फेज आणि अर्थमध्ये २३० दिसले म्हणून खूश होऊ नका, कसल्याही फुटकळ अर्थिंगवर तेवढे दिसतात. आणि एप्रिल-मेमध्ये तपासा. सोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, गाडीसाठी टाईप ए मागा, दुकानदार साधा टाईप एसी देतो. त्यावर टेस्टचं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला नाही तर बदलायचा.

पावसाचं काय, हे सगळे विचारतात. गाडीत लागणारी चार्जिंगची बंदूक आणि गाडीचं तोंड पाऊस गृहीत धरूनच बनवलेलं असतं, तिथे फारशी भीती नाही. भीती आहे ती भिंतीकडच्या टोकाची. सॉकेट पागोळ्यांच्या रेषेच्या आत, छातीच्या उंचीवर हवा. आमचा पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो, त्यामुळे नैऋत्येच्या भिंतीवर सॉकेट लावूच नका. वायर सॉकेटकडे खालून वर जाऊ दे, मध्ये एक झोळ ठेवा म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल. चार्जरचा डबा जमिनीवर नाही, खुंटीवर. आणि ओल्या हाताने प्लग नको हे लहानपणापासून ऐकलंय, तरी सांगतो.

आता आकाशातली वीज. मेअखेरीस आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. लाईट गेली तरी काढा आणि आली की दहा मिनिटं थांबा, येताना ती कशी येते ते आपल्याला माहितीय. घरच्या इन्व्हर्टरवर गाडी लावायचा विचार करू नका.

जागेबद्दल थोडं. गोठ्याशेजारी, शेणी आणि सुक्या झावळ्या रचल्यात तिथे, गॅसच्या सिलेंडरजवळ चार्जिंग नाही. बॅटरी काढता येणारी स्कूटर असेल तर ती बॅटरी माळ्यावर किंवा झोपायच्या खोलीत नेऊ नका, आणि बाहेर पडायच्या एकमेव दाराशीही नको. उन्हातून घाट चढून आलात तर अर्धा-पाऊण तास निवू द्या मग लावा. चार्जर गाडीबरोबर आलेलाच, शेजाऱ्याचा नाही. २०२२ मध्ये स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले, एआयएस १५६ (स्कूटरच्या बॅटरीच्या सुरक्षेचं भारतीय मानक) चे सुधारित नियम डिसेंबर २०२२ पासून लागू झाले, त्यामुळे जुनी सेकंडहँड स्कूटर घेताना ती कधीची आहे ते बघा. आणि उंदीर. पावसात ते उबेला बॉनेटमध्ये शिरतात, वायर कुरतडलेली दिसली तर चार्जिंग थांबवा, नारिंगी रंगाच्या वायरला, ती जास्त व्होल्टेजची असते, तर बोटही लावू नका.

बॅटरी फुगली, फुसफुस आवाज आला, गोडसर वासाचा धूर आला तर आधी माणसं बाहेर, जाताजाता हाताशी असेल तर मेन पाडायचा, मग ११२. धुरात शिरायचं नाही, तो विषारी असतो. विझल्यासारखी दिसली तरी काही तासांनी परत पेटू शकते, म्हणून आलेल्या फायरवाल्यांनाही सांगा की गाडी इलेक्ट्रिक आहे.

पुराचं पाणी लागलेली गाडी तर सुकली म्हणून चार्जिंगला लावायचीच नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात जे झालं ते आठवा, तसं पाणी, त्यात खाडीची भरती मिसळलेली असेल तर खारट, बॅटरीत शिरलं की दोन-चार दिवसांनीही आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. टो करून घरापासून पन्नासेक फूट लांब मोकळ्यावर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला कळवा.

घर बंद करून मुंबईला जाणाऱ्यांनी, स्कूटर गावाला ठेवून जाणार असाल तर बॅटरी पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवा, प्लग काढून जा, सॉकेटचं झाकण बंद, त्या लाईनचा एमसीबी खाली. शेजारच्या काकांना किल्ली देऊन महिन्यातून एकदा टक्के बघायला सांगा, वीसच्या खाली गेली तर दिवसाउजेडी, ते घरात असताना तासभर लावायची. आमचे काका फोटो काढून पाठवतात, त्यात निम्मं त्यांचं बोट असतं पण आकडा दिसतो.