मुलांच्या हाती घरचा कचरा सोपवताना

घरातला कचरा कमी करण्याची सवय मुलांना लावायची असेल, तर सुरुवात बाजारात नेण्याच्या पिशवीपासून करावी. कचऱ्याच्या डब्याकडे नंतर वळता येते. बहुतेक घरांत आणि शाळांतही क्रम नेमका उलटा असतो. मुलांना आधी पुनर्चक्रणाची तीन बाणांची खूण ओळखायला शिकवतात, मग ‘टाकाऊतून टिकाऊ’चा प्रकल्प येतो, आणि वस्तू मुळात घरात आणायची की नाही, हा प्रश्न शेवटपर्यंत कोणी विचारत नाही. प्रकल्पासाठी घरात रिकामी बाटली नसली, तर शीतपेयाची भरलेली बाटली आणून रिकामी केली जाते. तिच्यावर रंग, डिंक आणि चमकी चढते, आणि जी बाटली भंगारवाल्याने आनंदाने नेली असती, ती महिनाभराने कोणाच्याच उपयोगाची उरत नाही. हस्तकला मुलांनी जरूर करावी. ती केली म्हणजे कचरा कमी झाला, असे मात्र त्यांना वाटू देऊ नये.

ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घातले. नवी मुंबईतल्या सोसायट्यांत वाढणाऱ्या मुलांना हिरवा आणि निळा डबा अंगवळणी पडलेला असतो, त्यामुळे कोणता कचरा कोठे टाकावा यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. पहिला आठवडा मुलांना काहीही बदलायला न सांगता फक्त निरीक्षण करू द्यावे. रविवारी सुक्या कचऱ्याचा डबा जुन्या वर्तमानपत्रावर रिकामा करावा आणि त्याचे ढीग लावावेत: दुधाच्या पिशव्या, बिस्किटांची आणि वेफर्सची पाकिटे, घरपोच मागवलेल्या वस्तूंचे खोके, हॉटेलातून आलेल्या पार्सलचे डबे. प्रत्येक ढिगासमोर मुलाने वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: ही वस्तू कशाबरोबर आली, कोणासाठी आली आणि ती टाळता आली असती का. या कामात मुले कोणाचीही भीड ठेवत नाहीत. आईने मागवलेले खोके आणि बाबांची रात्रीची पार्सले त्यांच्या नोंदीत जशीच्या तशी उतरतात, आणि ती निमूटपणे वाचून घेण्याची तयारी मोठ्यांनी ठेवावी, कारण त्या नोंदींवर पांघरूण घातले की मुलांचा या कामावरचा विश्वास तिथेच संपतो.

या नोंदींतून एका वेळी एकच वस्तू निवडावी. वेफर्सच्या पाकिटापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण त्यात प्लास्टिकचा आणि चकाकत्या धातूचा असे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करणे अवघड असल्यामुळे भंगारात त्याला किंमत नाही. मुलाने स्वतः विचारले आणि भंगारवाल्याने ‘हे नको’ म्हणून मान हलवली, की ती गोष्ट आपल्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त लक्षात राहते. त्यानंतर फरसाणाच्या दुकानात घरचा डबा घेऊन जावे आणि डबा पुढे करण्याचे काम मुलाकडे द्यावे. रिकामा डबा आधी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणून घ्यायचा आणि मगच त्यात फरसाण घालायला सांगायचे, हे सात-आठ वर्षांच्या मुलाला एकदा दाखवले की पुढच्या वेळी ते दुकानदाराला स्वतःच आठवण करून देते. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा वाशीत, जिथे डाळी-कडधान्ये सुटी मिळतात, तिथेही कापडी पिशव्यांनी हेच साधता येते. प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी असली, तरी भाजीच्या गाडीवर ती पिशवी अजूनही पुढे येते. ‘पिशवी नको, आमच्याकडे आहे’ हे वाक्य मुलानेच म्हणावे. आपण मागे उभे राहावे.

दुधाची पिशवी ही मात्र बहुतेक घरांना टाळता न येणारी वस्तू आहे, म्हणून ती नीट हाताळायला शिकवावे. पिशवीचा कोपरा कापताना तो पूर्ण तोडू नये; कात्री थोडी अलीकडेच थांबवावी, म्हणजे तो टीचभर तुकडा पिशवीलाच लटकत राहतो. सुटलेला तुकडा इतका लहान असतो की कचरा वेगळा करणाऱ्या माणसाच्या हाती तो लागत नाही आणि गटारातून थेट खाडीकडे जातो. रिकामी पिशवी थोड्या पाण्याने विसळावी, ते पाणी कुंडीत ओतावे आणि पिशवी खिडकीच्या दांडीवर चिमट्याने उलटी अडकवावी. वाळलेल्या पिशव्यांचा गठ्ठा रद्दीवाला घेतो. ओल्या, आंबट वास येणाऱ्या पिशव्यांना कोणी हात लावत नाही. पुनर्चक्रणाचे निम्मे यश स्वच्छ आणि कोरडे या दोन गोष्टींवर ठरते, आणि या दोन्ही गोष्टी मुलांच्या हाताला सहज जमणाऱ्या आहेत. तेलाने माखलेला पिझ्झाचा खोका वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात घातला, तर चांगला कागदही तेलकट होऊन फुकट जातो, हेही त्यांना दाखवावे.

रद्दीचे पैसे मुलांना द्यावेत की नाही, याबद्दल घरोघरी वेगवेगळे मत असते. वर्तमानपत्रांचे आणि वह्यांचे पैसे द्यायला हरकत नाही. बाटल्यांचे पैसे देऊ नयेत, कारण मग बाटल्या जमाव्यात म्हणून शीतपेयांचा हट्ट सुरू होतो.

घरच्या कचऱ्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा बहुधा ओल्या कचऱ्याचा असतो, आणि मुलांना खरी गोडी लागते ती त्याचे खत होताना पाहण्यात. झाकण असलेली एक जुनी बादली घ्यावी, तिच्या तळाला आणि बाजूंना छिद्रे पाडावीत (हे काम मोठ्यांचे), खाली ताटली ठेवावी आणि तळाशी नारळाच्या शेंड्यांचा थर द्यावा. त्यावर भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा बारीक करून टाकावा आणि दर वेळी तेवढ्याच आकारमानाचा सुका पाला वर पसरावा. विरजण म्हणून थोडे आंबट ताक किंवा मूठभर जुने खत पुरते. आठवड्यातून दोनदा मिश्रण खाली-वर करावे. ओलावा बरोबर आहे का, हे पाहण्याची परीक्षा सोपी आहे: मिश्रणाची मूठ घट्ट दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर पाला वाढवावा, काहीच आले नाही तर पाणी शिंपडावे. दुर्गंधी आली की मुले नाक दाबून पळतात, पण ती बहुधा ओलावा वाढून हवा कमी पडल्याची खूण असते. पाला घालून ढवळले की एक-दोन दिवसांत वास जातो. पांढरी बुरशी दिसली किंवा अळ्या वळवळू लागल्या, तर घाबरून बादली रिकामी करू नये. तीही कचरा कुजवणारीच मंडळी आहेत. दोन-अडीच महिन्यांत तळाशी मातीचा वास असलेले काळसर खत तयार होते.

आपल्याकडे या कामात पावसाळा आडवा येतो. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत मिश्रण कोरडे राहत नाही आणि नेमका तेव्हाच सुका पाला मिळत नाही. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये, सोसायटीच्या आवारात बदामाच्या आणि वर्षावृक्षाच्या पानांचा खच पडतो तेव्हा, मुलांच्या टोळीला गोण्या देऊन पाला भरून ठेवायला लावावा. सफाई कर्मचाऱ्यांचेही काम हलके होते. मासळीची खवले-डोकी मात्र घरच्या बादलीत घालू नयेत. ती कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्याबरोबर घंटागाडीत द्यावीत.

थोड्या मोठ्या मुलांना कचऱ्याचा पुढचा प्रवास दाखवावा. कोपरखैरण्यातले निसर्ग उद्यान जुन्या कचराभूमीवर उभे आहे. तिथे फिरताना पायाखाली काय आहे हे सांगितले की मुले प्रश्नांची सरबत्ती करतात. भरती ओसरल्यावर खाडीकिनारी गेले, तर कांदळवनाच्या मुळांत अडकलेल्या पिशव्या आणि पलीकडे रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे एकाच नजरेत दिसतात. ठाणे खाडीतल्या या पक्षी अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर पाणथळ क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, हे ठाऊक असलेल्या मुलाला दुधाच्या पिशवीचा कोपरा पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

वाढदिवस हा या सगळ्या शिकवणीचा कसोटीचा दिवस. प्लास्टिकची ताटे, चमचे, स्ट्रॉ आणि फुग्यांच्या काड्या यांच्यावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, पण त्याऐवजी मेणाचा किंवा प्लास्टिकचा थर दिलेले कागदी पेले आणले, तर फार काही साधत नाही. शेजाऱ्यांकडून स्टीलच्या ताटल्या-पेले मागून आणावेत आणि कार्यक्रम संपल्यावर मोजून परत करण्याची जबाबदारी उत्सवमूर्तीकडेच द्यावी.

काही गोष्टींना मुलांनी हात लावायचा नाही, हेही पहिल्याच दिवशी ठरवून द्यावे. फुटकी काच, दाढीचे पाते, सुया, मुदत संपलेली औषधे, बॅटरीचे सेल आणि पारा असलेल्या ट्यूबलाइट यांसाठी झाकणाचा वेगळा खोका उंचावर ठेवावा. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर ठळक लाल खूण करून वेगळे द्यावेत, म्हणजे सफाई कर्मचाऱ्याला ते उघडून पाहावे लागत नाही. सेल संपला की मुलाने तो घड्याळातून किंवा खेळण्यातून स्वतः न काढता मोठ्यांना सांगावे, आणि खोका भरत आला की तो घंटागाडीवर वेगळा सांगून द्यायला मोठ्यांनीच खाली उतरावे.