चरित्र वाचावं ते मधल्या वर्षांसाठी

मी शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं दोन महिन्यांत कंटाळतात आणि विचारतात, "मॅडम, हात चालंना, काय करू?" नोकरी सांभाळून लिहिणारे, गाणारे, रंगवणारे मोठेही हेच विचारतात. त्यांना मी एखाद्या कलावंताचं चरित्र वाचायला सांगते. ते कसं वाचायचं हेही सांगते, कारण नुसतं वाचून अंगावर काटा येतो आणि दुसऱ्या दिवशी कागद कोराच राहतो.

पहिल्यांदा माणूस आपल्या गावचा घ्या. कोल्हापुरात तर निवड करणंच अवघड. जिथं तो राबला तिथं चालत जाता येतं, त्याचं काम जवळून बघता येतं. टाउन हॉल संग्रहालयात जा, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय बघा. पुस्तकांसाठी करवीर नगर वाचन मंदिर आहेच, 1850 पासूनचं.

मग वहीत त्या माणसाची सालं एकाखाली एक लिहा आणि दोन सालांच्या मधल्या जागेत बोट ठेवा. खरी शिकवण तिथं असते. बाबूराव पेंटर घ्या. बाबूराव आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमानं दोघांना झपाटलं. कॅमेरा विकत घेणं परवडेना, तर तो आपणच बनवायचा असं ठरलं. 1916 साली आनंदराव वारले. बाबूरावांचा ‘सैरंध्री’ हा सिनेमा पडद्यावर आला 1920 साली. आता विचारा: ही चार वर्षं घर कशावर चाललं? हातात रोज काय होतं? पाठीशी कोण होतं?

उत्तरं शोधताना तुम्हाला यंत्राशी झटणारे दामले भेटतात, त्या कॅमेऱ्याच्या कामात बाबूरावांना त्यांची साथ होती. बाबूरावांच्या सिनेमा कंपनीसाठी पैसा उभा करणाऱ्या गायिका तानीबाई कागलकर भेटतात. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं, हे सगळे सांगतात. मला तानीबाईंचं नाव जास्त मोलाचं वाटतं. चिकाटी एकट्याची असते असं मुलांना वाटतं, आणि मदत मागायची वेळ आली की ती काम सोडून देतात. म्हणून "पाठीशी कोण" हा प्रश्न मी सोडू देत नाही.

काय मोडलं आणि मोडल्यावर काय बदललं, हेही लिहा. गायक उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज अतिगायनानं गेला. परत आला तो पूर्वीसारखा नव्हता. त्यांनी जुना आवाज परत मिळवायचा हट्ट धरला नाही, आहे त्या आवाजाला शोभेल अशी गायकी घडवली. तीच पुढं जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून केसरबाई, मोगूबाईंच्या गळ्यातून साऱ्या देशानं ऐकली. रोज तेच ते करत राहणं म्हणजे चिकाटी, असं ज्यांना वाटतं त्यांनी खाँसाहेबांबद्दल जरूर वाचावं. सिनेदिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ 1948 मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत खाक झाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला, आणि त्यांचा ‘साधी माणसं’ हा सिनेमा आला 1965 साली. मधली सतरा वर्षं वहीत मोकळी सोडू नका.

हालअपेष्टांच्या गोष्टींना मात्र फार भुलू नका. आश्रयदाते शाहू महाराज गेल्यावर चित्रकार आबालाल रहिमान यांनी आपली चित्रं पाण्यात सोडली असं सांगतात. ऐकून डोळे भरतात, पण उद्या सकाळी करायला त्यातून काही मिळत नाही. त्यापेक्षा त्यांचं निसर्गचित्र समोर उभं राहून बघा: पाण्यातला उजेड कुठं हलका ठेवलाय, कडा कुठं सोडल्यात. मग कोटितीर्थ तलावावर जाऊन तेवढीच एक गोष्ट करून बघा. एका माणसाकडून एकच सवय घ्या. लिहिणाऱ्यांना मी वि. स. खांडेकर सुचवते: 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करत ते लिहीत राहिले, पुढं दृष्टी गेल्यावर सांगून लिहून घेत राहिले. शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृतिसंग्रहालय आहे, एक दुपार काढून जाच.

वहीच्या शेवटच्या पानावर "पाठीशी कोण" याच्यापुढं तुमच्या बाबतीत एक नाव लिहा. त्या माणसाला काम नेऊन दाखवा. "कसं वाटलं?" विचारलंत तर कौतुक मिळेल, म्हणून "यात अजून काय करू?" असं विचारा.

आणि हे वाचन कामाच्या आधी करू नका. आधी वाचलं की काम झाल्यासारखंच वाटतं आणि बसायचं राहून जातं. आधी ब्रश धुऊन ठेवा, मग पुस्तक उघडा.