एमजीएचं इंजिन ‘ओरिजिनल’ आहे म्हणता? या चुका टाळा

दर महिन्याला मोबाइलवर एक तरी फोटो येतो. बॉनेट उघडलेलं, इंजिनावर ताजा रंग, खाली एक ओळ : ‘काका, ओरिजिनल आहे ना?’ अरे बाबा, फोटोवरून मला फक्त रंग दिसतो.

एमजी या ब्रिटिश कंपनीच्या एमजीए या जुन्या स्पोर्ट्स कारबद्दलच लिहितो, कारण फसगत तिच्याच बाबतीत सगळ्यात जास्त पाहिली. १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात एक लाखाहून थोड्या जास्त एमजीए बनल्या. आपल्याकडे त्यातल्या मोजक्याच आल्या. गाड्या मोजक्या, पण थापा मोजता येणार नाहीत.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती आरसी बुकात. आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळला की झालं, अशी समजूत. आरसी एवढंच सांगते, की आरटीओच्या कागदावर आज हा नंबर आहे. इंजिन बदललं आणि रीतसर नोंद केली, तर नवा नंबर आरसीवर चढतो आणि जुळतोही. नोंद न करता बदललं, तर जुन्या इंजिनाच्या नंबराची प्लेट नव्या इंजिनावर ठोकतात. मग तर फारच छान जुळतो! कारण एमजीएचा इंजिन नंबर एका छोट्या प्लेटवर असतो आणि ती प्लेट ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याच्या, उजव्या अंगाला रिव्हेटने बसवलेली असते. रिव्हेट काढायला पाच मिनिटं लागतात, बसवायला तीन.

त्यात आपल्याकडे एक खास घोळ आहे. एमजीए १५०० या पहिल्या मॉडेलचं इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, एमजीची मालक कंपनी) बी सिरीज, १४८९ सीसी. आपल्या अ‍ॅम्बॅसेडरचं जुनं ओव्हरहेड व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं, १४८९ सीसीचंच. अ‍ॅम्बॅसेडरच्या ब्लॉकवर एमजीचे दोन एसयू कार्ब्युरेटर चढवा, लालसर काहीतरी रंग मारा, बॉनेटखाली वाकून पाहणाऱ्या दहातल्या नऊ जणांना फरक कळणार नाही. ‘बोअर (सिलिंडरचा व्यास) मोजून बघू’ म्हणणारे हुशारही भेटतात. मोजा खुशाल. दोन्हींचा मूळ बोअर ७३.०२ मिलिमीटर. हाती काय लागलं?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याचा एक मुलगा मला साताऱ्याकडे एक लाल एमजीए बघायला घेऊन गेला. ‘बघायला’ म्हणजे त्याने टोकन आधीच दिलं होतं. मला नेलं होतं ते ‘छान आहे’ म्हणायला. मालकाने इंग्लंडातल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून मागवलेलं हेरिटेज सर्टिफिकेट फ्रेम करून ठेवलेलं. कारखान्यातल्या नोंदवहीतला इंजिन नंबर त्यावर छापलेला. सर्टिफिकेट, आरसी, इंजिनावरची प्लेट, तिन्ही नंबर एकच. पोरगा हवेत. म्हणाला, “काका, आता काय बघायचं राहिलं?”

मी म्हटलं, “गाडी राहिली.”

इंजिन सुरू केलं, आवाज गोड. पण टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा, काटा शून्यावर. मालक म्हणाले, “केबल तुटलीय साहेब, दोनशे रुपयांचं काम.” मी गोणपाट टाकलं, टॉर्च घेतला आणि डाव्या बाजूने खाली शिरलो. एमजीएचा टॅकोमीटर केबलवर चालतो आणि ती केबल ब्लॉकच्या डाव्या अंगाला, मागच्या टोकाशी, कॅमशाफ्टवरून फिरते. इथे केबल तुटलेली नव्हतीच. तिचं वेटोळं करून तारेने बांधून वर सारून दिलं होतं. कारण ती लावायला ब्लॉकवर जागाच नव्हती. अ‍ॅम्बॅसेडरला टॅकोमीटर कुठे होता, की तिच्या ब्लॉकला ही सोय असेल?

मग प्लेट नीट पाहिली. नखाने कड जराशी उचलली, तर खालीही तोच ताजा रंग. प्लेट साठ वर्षांची झिजलेली आणि तिच्याखालचा रंग कालचा! म्हणजे आधी ब्लॉक रंगवला, मग प्लेट लावली. प्लेट अस्सलच होती, फक्त माहेर सोडून आली होती.

चहा झाल्यावर मालकांनी खरं सांगितलं. वडिलांच्या काळात मूळ ब्लॉक तडकला, पार्ट मिळेनात, मिस्त्रीने अ‍ॅम्बॅसेडरचा बसवला. आरसी सरळ राहावी म्हणून प्लेट त्यावर ठोकली. त्या काळी यात कुणाला वावगं वाटलं नसेल आणि गाडी चालती राहिली हे चांगलंच झालं. मला अ‍ॅम्बॅसेडरच्या इंजिनाचा राग नाही. राग आहे तो त्याला अ‍ॅबिंग्डनचा भाव लावण्याचा. पोराने गाडी घेतलीच, पण बऱ्याच कमी किमतीत.

म्हणून माझी सवय उलटी आहे. आधी बीड, म्हणजे ब्लॉकचं ओतीव लोखंड, बघायचं, मग प्लेट, कागद सगळ्यात शेवटी. कागद आधी वाचला की डोळे तेच शोधतात. सोबत टॉर्च, दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा, रॉकेल आणि चिंध्या. तारेचा ब्रश नेत नाही. ड्रिलला तारेची चकती लावून ‘नंबर स्वच्छ करणारे’ मी पाहिलेत. नंबर राहतो, पण त्याच्या आजूबाजूचा पुरावा जातो. रॉकेल लावा, दहा मिनिटं थांबा, चिंधीने पुसा. दहा मिनिटं थांबवत नसेल, तर जुन्या गाडीच्या नादी लागू नका.

प्लेटवरच्या नंबराची सुरुवातही वाचा. १५०० मॉडेलवर १५जीबी किंवा त्यातल्या नंतरच्या गाड्यांवर १५जीडी, १६०० मॉडेलवर १६जीए, त्यानंतरच्या १६२२ सीसीच्या मार्क टूवर १६जीसी. या शेवटच्या दोन्हींच्या ब्लॉकवर ‘१६००’ किंवा ‘१६२२’ हा आकडा उठावात ओतलेलाही असतो. प्लेट एक सांगते आणि बीड दुसरंच, तर बीडावर विश्वास ठेवा.

चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर वेगळे आहेत म्हणून सौदा मोडून आलेला एक शहाणाही भेटला. एमजीएचे हे दोन नंबर वेगळेच असतात, जुळवायचे ते कारखान्याच्या नोंदीशी. साठच्या दशकातल्या कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या ब्लॉकवर मात्र गाडीच्याच नंबराचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाशी. ब्लॉकचा माथा मशीनवर घासला की तो ठसा गेला, म्हणून तिथे नंबराइतकेच मशीनिंगचे मूळ ओरखडे बघतात. एका गाडीचा नियम दुसरीला लावू नका.

बीएमसी स्वतः दुरुस्त केलेली ‘गोल्ड सील’ इंजिनंही विकत असे. ते सापडलं तर मूळ इंजिन नव्हे, पण तोंड वाकडं करण्यासारखंही काही नाही.

व्हिंटेज गाड्यांसाठीच्या व्हीए मालिकेचा नंबर हवा म्हणूनही हल्ली विचारणा होते. २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. अर्ज भरण्याआधी गोणपाटावर झोपून या.

आणि मूळ ब्लॉक तडकलेला का असेना, भंगारात देऊ नका. साताऱ्याचा तो ब्लॉक किलोवर गेला. तडकलेलं बीड शिवता येतं, घासलेल्या बोअरला लायनर, म्हणजे आतून नवी नळी, बसतो. माझ्याकडचा एक जिन्याखाली तेल चोपडून गोणपाटात गुंडाळलेला आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत बायको विचारते, हे प्रेत कधी हलणार.