चित्राचं सबमिट बटण: कोणतं बटण दाबलं हे सर्व्हरवर नेमकं कसं ओळखायचं

साध्या सबमिट बटणावर क्लिक केलं की त्याचं नेम आणि व्हॅल्यू सर्व्हरकडे जाते. इनपुटचा टाइप इमेज ठेवला की हा नियम बदलतो. बटणाचं नेम ‘सेव्ह’ आहे आणि वापरकर्त्याने चित्राच्या डाव्या कडेपासून २३, वरच्या कडेपासून ११ पिक्सेलवर क्लिक केलं, असं धरा. आता सर्व्हरकडे ‘सेव्ह.एक्स’मध्ये २३ आणि ‘सेव्ह.वाय’मध्ये ११ अशी दोन फील्ड जातात. नुसतं ‘सेव्ह’ नावाचं फील्ड एचटीएमएलच्या सध्याच्या मानकानुसार जातच नाही, मग तुम्ही व्हॅल्यू दिलेली असो वा नसो.

जुने ब्राउझर यावर एकमत नव्हते. फायरफॉक्स एक्स-वायसोबत व्हॅल्यूही पाठवायचा, इंटरनेट एक्स्प्लोरर फक्त एक्स-वाय. त्यामुळे ‘सेव्ह’ची व्हॅल्यू तपासणारा कोड एकीकडे बिनबोभाट चालायचा, तर दुसरीकडे फॉर्म सबमिट व्हायचा, पान पुन्हा उघडायचं आणि माहिती मात्र साठवली जायची नाही. एररही नाही, लॉगमध्येही काही नाही. असा कोड जुन्या प्रकल्पांत अजून सापडतो. म्हणून बटणाची ओळख व्हॅल्यूवरून कधीच करू नका. ‘सेव्ह.एक्स’ हे फील्ड आलं आहे का, एवढंच तपासा.

यातही ‘आलं आहे का’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बटण माउसऐवजी कीबोर्डने दाबलं तर क्लिकची जागाच नसते, म्हणून दोन्ही आकडे ० जातात. पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेत ‘०’ ही स्ट्रिंगसुद्धा असत्य धरली जाते. तिथे फील्ड थेट इफमध्ये टाकलं किंवा एम्प्टी हे फंक्शन वापरलं, तर कीबोर्डवाल्यांसाठी बटण मेलेलंच राहतं. फील्ड आलं आहे का एवढंच पाहणारं इससेट वापरा. इतर अनेक भाषांत आकडा आधी पूर्णांकात बदलून मग तपासला तरी हेच घडतं. चित्राच्या अगदी वरच्या किंवा डाव्या कडेवर क्लिक झालं तरी एक आकडा ० येऊ शकतो, त्यामुळे माउसवाल्यांनाही ही चूक क्वचित भोवते, आणि अशी क्वचितची तक्रार शोधून काढणं फार जड जातं.

पीएचपीची आणखी एक सवय लक्षात ठेवा. फील्डच्या नावातला टिंब तिथे अंडरस्कोर होतो, म्हणून ब्राउझरने पाठवलेलं ‘सेव्ह.एक्स’ पोस्टच्या अ‍ॅरेमध्ये ‘सेव्ह_एक्स’ या नावाने शोधावं लागतं. प्रत्येक ओळीला कचरापेटीचं चित्र असलेल्या यादीत बटणाला ‘डिलीट[४२]’ असं अ‍ॅरेचं नाव दिलं, तर पीएचपी चौकटी कंसानंतरचा भाग टाकून देतं. एक्स आणि वाय एकाच जागी येतात, दुसरा आकडा पहिल्याला पुसतो. आकडा निरुपयोगी ठरला तरी ४२ ही अ‍ॅरेची की (म्हणजे नोंदीचा क्रमांक) शाबूत राहते आणि आपल्याला तीच हवी असते. ती घ्या, पूर्णांक आहे याची खात्री करा आणि ती नोंद काढण्याचा अधिकार या वापरकर्त्याला आहे का, हे सर्व्हरवर तपासा.

आकड्यांवर हिशेब करायचाच असेल, म्हणजे नकाशावर कुठे क्लिक झालं हे हवं असेल, तर ते आकडे पानावर दिसणाऱ्या आकारातले असतात हे विसरू नका. ८०० पिक्सेल रुंदीचं चित्र ४०० मध्ये दाखवलं तर एक्स दुप्पट करावा लागतो. आकडा पूर्णांकच येईल यावरही विसंबू नका. इंटरनेट एक्स्प्लोरर १० मध्ये डॉट नेटच्या आंशिक पोस्टबॅकमधून (पानाचा काही भागच नव्याने आणण्याच्या सोयीतून) दशांशातले आकडे यायचे आणि पूर्णांकात रूपांतर करताना पान कोसळायचं. आधी दशांश म्हणून वाचा, मग पूर्णांक करा.

टेक्स्ट बॉक्समध्ये एंटर दाबल्यावर ब्राउझर फॉर्ममधलं कोडच्या क्रमाने पहिलं सबमिट बटण दाबल्याचं मानतो, आणि चित्राचं बटणही त्यात धरलं जातं. पहिलं चित्र ‘काढून टाका’चं असेल तर नाव टाइप करून एंटर मारणाऱ्याची नोंद उडते. निरुपद्रवी बटण कोडमध्ये सर्वांत आधी ठेवा. सीएसएसने नुसता दिसण्याचा क्रम बदलून हे सुटत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये तीन ठिकाणी अडखळायला होतं. फॉर्मच्या एलिमेंट्स यादीत चित्राची बटणं येत नाहीत, मानकानेच जुन्या वागणुकीसाठी ती वगळली आहेत; ती क्वेरीसिलेक्टरने शोधा. फॉर्मवर थेट सबमिट हे फंक्शन चालवलं तर कोणत्याच बटणाची माहिती जात नाही, त्याऐवजी रिक्वेस्टसबमिटला ते बटण द्या. सबमिट इव्हेंटमध्ये कोणतं बटण दाबलं हे सबमिटर या गुणधर्मातून कळतं (सफारीत १५.४ पासून), पण फॉर्मडेटा (फॉर्मची माहिती गोळा करणारा ऑब्जेक्ट) नुसत्या फॉर्मवरून बनवला तर बटण त्यातून गळतं. दुसरा आर्ग्युमेंट म्हणून सबमिटर द्या. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिघांतही २०२३ पासून ते चालतं.

दोनदा क्लिक होऊ नये म्हणून सबमिट इव्हेंटमध्येच बटण डिसेबल करण्याची पद्धत आहे. फॉर्मची माहिती त्या इव्हेंटनंतर गोळा होते आणि डिसेबल घटक वगळले जातात, त्यामुळे एक्स-वाय जात नाहीत. डिसेबल करणं सेटटाइमआउटने शून्य मिलिसेकंद पुढे ढकला.

ऑल्ट, म्हणजे चित्राऐवजीचा मजकूर, रिकामा सोडू नका. त्यात चित्राचं वर्णन नको, कृती हवी: ‘भिंग’ नव्हे, ‘शोधा’. चित्र उतरलं नाही तर हाच मजकूर दिसतो आणि स्क्रीन रीडर हाच वाचतो. विड्थ आणि हाइट दिली की पान उतरताना उड्या मारत नाही.

नवं काम असेल तर आमचा कौल बटण टॅगच्या बाजूने आहे. टाइप सबमिट, नेम, व्हॅल्यू आणि आत ऑल्टसह चित्र. बॉर्डर आणि पॅडिंग शून्य करा, बॅकग्राउंड काढा, पण फोकसची चौकट (टॅबने बटणावर आल्यावर दिसणारी) काढू नका. सर्व्हरकडे सरळ नेम-व्हॅल्यू जाते आणि गेट पद्धतीच्या, म्हणजे माहिती पत्त्यातून पाठवणाऱ्या, शोध फॉर्मच्या पत्त्यात एक्स-वायचं शेपूट लागत नाही. चित्राच्या बटणाला नेम नसलं तरी ते लागतंच. पूर्वी लोक बटण टॅग टाळायचे कारण इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आणि ७ व्हॅल्यूऐवजी टॅगच्या आतला मजकूर पाठवायचे. ती अडचण आता उरलेली नाही. बदल करताना मात्र सर्व्हरवर काही काळ ‘सेव्ह’ आणि ‘सेव्ह_एक्स’ दोन्ही तपासा, कारण जुनं पान उघडून ठेवलेले वापरकर्ते असतातच.

चाचणी करताना डेव्हलपर टूल्सचा नेटवर्क विभाग उघडा आणि फॉर्म तीन प्रकारे पाठवा: माउसने क्लिक करून, टॅबने बटणावर जाऊन एंटर दाबून, आणि टेक्स्ट बॉक्समधूनच एंटर दाबून. प्रत्येक वेळी गेलेली फील्ड वाचा. मॅकवरच्या सफारीत नुसता टॅब बटणावर थांबला नाही तर ऑप्शनसह टॅब दाबा, कारण मूळ सेटिंगमध्ये तिथे टॅब बटणांवर थांबत नाही.