अंगावर पित्त उठतं तेव्हा कॅलेंडरच्या चौकटीत काय लिहायचं

चार वर्षं माझ्या अंगावर पित्त उठत होतं. रात्री नऊच्या सुमाराला परकराच्या नाडीपाशी गांध्या सुरू व्हायच्या. घरात एकच प्रश्न, "आज काय खाल्लंस?" आधी वांगं सोडलं, मग अंडी, मग दही. आमसुलाचं पाणी चोळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटे. सहा आठवड्यांच्या वर चाललेल्या पित्ताला बहुतेकदा खाणं कारण नसतंच, हे त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला तिथेच रडू आलं.

आता रोज झोपताना भिंतीवरच्या कॅलेंडरात दोन आकडे लिहिते. दिवसभरात गांध्या नसतील तर 0, वीसच्या आत 1, पन्नासपर्यंत 2, त्यापुढे 3. खाजेलाही तसेच 0 ते 3. सात दिवसांची बेरीज जास्तीत जास्त 42 होते. डॉक्टरही असंच मोजतात. शेजारी झोपेचे तास आणि मनाला लागलेली गोष्ट लिहायची. माझ्या चौकटीत "पेपर तपासणी" आणि "जाऊबाई" हे शब्द फार वेळा आहेत.

खाजेनं झोप मोडते, जागरणानं ताण वाढतो, ताणानं पित्त आणखी भडकू शकतं. पण म्हणून हा आजार मनाचा खेळ ठरत नाही. "टेन्शन घेऊ नकोस" हे वाक्य मला फार लागायचं, जणू दोष माझाच.

डॉक्टरांकडे ते पान आणि रात्री काढलेले फोटो न्या. एकेक गांध बहुधा चोवीस तासांच्या आत विरते, त्यामुळे सकाळी दवाखान्यात दाखवायला काही उरत नाही. लग्नाला जाणं बंद केलंय, रात्री रडू येतं, हेही सांगा. उपचार ठरवताना ते कामी येतं. माझ्या गोळीचा डोस डॉक्टरांनी त्यानंतरच वाढवला. स्वतःहून वाढवू नका, आणि अंगदुखीवर आयबुप्रोफेन घेण्याआधी विचारा, त्यानं काहींचं पित्त वाढतं. जीभ सुजली, श्वास अडला तर थेट 108. मन फारच खचलं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.

लोकांसाठी एक वाक्य तयार ठेवा. माझं असं: "हे शिवल्यानं पसरत नाही, औषध चालू आहे." शिक्षकांच्या खोलीत मी ते एकदाच मोठ्यानं म्हटलं. दुसऱ्या दिवशी पंख्याखालची खुर्ची माझ्यासाठी मोकळी होती.

यंदा हळदीकुंकवाला आखूड बाह्यांचा ब्लाउज घातला. दंडावर तीन गांध्या होत्या. रात्री चौकटीत लिहिलं: 1, 1, सात तास, "सगळ्यांशी बोलले".