सीपीसीतला नियम वाचण्याआधी त्याची तारीख वाचा

ज्युनियर मंडळी सीपीसीचे, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचे, ऑर्डर-रूल तोंडपाठ करून येतात, ते चांगलंच आहे. पण अर्जाचा मसुदा समोर आला की मी आधी दोनच गोष्टी विचारते: दावा दाखल कधी झाला? आणि ज्या नियमावर आपण भिस्त ठेवतोय, तो आजच्या रूपात कधीपासून आहे?

आधी पुस्तकाची ठेवण ध्यानात घ्या. 1859, 1877 आणि 1882 च्या संहितांनंतर 1908 ची आली आणि 1 जानेवारी 1909 पासून लागू झाली. तिने मूळ तत्त्वं कलमांत ठेवली आणि रोजच्या कामकाजाचे नियम पहिल्या परिशिष्टात, ऑर्डर-रूल म्हणून, काढले. हे नियम बदलायचा अधिकार कलम 122 ने उच्च न्यायालयांना दिला. म्हणून बेअर अ‍ॅक्टमध्ये (कायद्याच्या नुसत्या मूळ पाठाच्या पुस्तकात) नियमाखाली बारीक टायपात मुंबईची दुरुस्ती आहे का, ते बघाच. सापडली तरी लगेच हरखू नका. 1976 च्या दुरुस्ती कायद्याच्या कलम 97 ने विसंगत स्थानिक दुरुस्त्या मोडीत काढल्या. 1999 च्या कायद्यातही तशीच तरतूद आहे. आपलं महाराष्ट्राचं कलम 9-ए (अंतरिम आदेशाच्या टप्प्यावर अधिकारक्षेत्राचा आक्षेप आधी ठरवायला लावणारं) असंच 1970 ला आलं, 97 च्या तडाख्यात सापडलं, 1977 ला पुन्हा आणावं लागलं आणि 2018 ला रद्द झालं. जुन्या फायलींवरून मसुदे उतरवणाऱ्यांच्या अर्जांत ते अजून डोकावतं!

आता खरी मेख. दुरुस्ती कोणत्या प्रकरणांना लागू नाही, हे सांगणारं बचत कलम संहितेत नसतं. ते दुरुस्ती कायद्याच्या शेवटी असतं आणि बहुतेकजण तिथवर जातच नाहीत. उदाहरण घ्या. दावा 2001 चा, त्यात वादपत्र दुरुस्तीचा अर्ज. समोरचे वकील उठतात: ऑर्डर 6 रूल 17 चं परंतुक (नियमाला जोडलेली अट) बघा, साक्षीपुरावा सुरू झालाय, पुरेशी दक्षता कुठे दाखवलीत? तेव्हा 2002 च्या दुरुस्ती कायद्याचं कलम 16(2)(ब) उघडायचं. 1 जुलै 2002 पूर्वी दाखल झालेल्या प्लीडिंगला (वादपत्र किंवा कैफियतीला) ते परंतुक लागूच नाही. सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलंय. अर्थात, अर्ज गुणवत्तेवर टिकवायला लागतोच.

कैफियतीचं, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराचं, थोडक्यात: साध्या दाव्यात 30 दिवस, पुढे 90 पर्यंत, आणि ही मुदत सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये निदेशक, म्हणजे सक्तीची नसलेली, ठरवली. व्यापारी दावा असेल तर 120 दिवसांनंतर दार बंद, तिथे सबबी चालत नाहीत. दावा कुठल्या वर्गातला, ते समन्स हातात पडताच ठरवा.

अपिलाचं गणित वेगळं. अपिलाचा हक्क दावा दाखल होतो त्या दिवशीच जन्माला येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये गरिकपाटी प्रकरणात ठरवलं. पण कायदेमंडळ तो स्पष्ट शब्दांत किंवा अटळ अर्थाने काढून घेऊ शकतं. कलम 102 पाहा: पैसे वसुलीच्या दाव्यात विषयवस्तू 25,000 रुपयांपर्यंत असेल, तर दुसरं अपील नाही. 2002 च्या बचत कलमाने इथे दाव्याची तारीख घेतली नाही, आधीच दाखल करून घेतलेली अपिलंच वाचवली. म्हणजे दाव्याची तारीख बघून निवांत बसलात तर फसाल.

आणि पक्षकाराला पहिल्याच भेटीत बजावा: नुसतं अपील केलं म्हणून हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. ऑर्डर 41 रूल 5 खालचा स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच द्या. मुदत उलटली असेल तर रूल 3-ए प्रमाणे विलंब माफीचा अर्ज आधी, कारण त्यावर निर्णय होऊन अपील सुनावणीला घ्यायचं ठरेपर्यंत न्यायालय स्थगिती देऊ शकत नाही.