जुनी फर्स्ट 40.7 घेताय? आधी फळ्या उचलून बघा

फास्ट पण राहण्यासारखी सेकंडहँड सेलबोट शोधायला लागलं की युरोपात बेनेटो या फ्रेंच कंपनीची फर्स्ट 40.7 हमखास समोर येते, ब्रूस फार या डिझायनरचं डिझाइन, रेसिंगही होतं आणि घरच्यांना घेऊन आठवडाभर फिरताही येतं. पण फोटोतल्या चकाचक गाद्या बघून पाघळू नका हां, आधी कील, म्हणजे बोटीच्या तळाला बोल्टांनी जोडलेला जड पंखा, बघा. 2014 साली चीकी रफिकी ही याच मॉडेलची बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परत येताना अटलांटिकमध्ये कील तुटून उलटली, चौघं गेले. बोटीच्या कवचाला (हल) आतून फायबरची एक जाळी चिकटवलेली असते, बोट तळाला आपटली की ती सुटू शकते आणि वरून काही कळत नाही. म्हणून मालकाला सरळ विचारा, कधी आपटली का, आपटली तर दुरुस्तीची बिलं कुठायत. मग केबिनच्या जमिनीच्या फळ्या उचलून कीलच्या पुढेमागे भेगा, बोल्टांशी गंजाचे ओघळ दिसतायत का ते बघा, बोट पाण्याबाहेर काढून सर्वेअरला (बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाला) हातोडीने ठोकून बघायला लावा, बद्द आवाज आला की सावध. सर्वेअर तुम्हीच नेमा, ब्रोकरच्या ओळखीतला नकोच.

डोलकाठीच्या तारा दहा-बारा वर्षं जुन्या असतील तर बरेच विमावाले बदलायला लावतात. रेसिंगची शिडं भारी दिसतात पण लवकर संपतात, त्यांचे पैसे धरू नका. हा सगळा खर्च कागदावर मांडूनच घासाघीस करा, आणि व्हॅट भरल्याचा कागद हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.